निष्कर्ष जाहीर, पद्धत गुलदस्त्यात : युटा विद्यापीठातले कोल्ड फ्यूजन प्रकरण

या प्रकरणातल्या मुख्य व्यक्ती आणि संस्था जगजाहीर आहेत, त्यामुळे त्यांची नावे झाकण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेतला विद्यार्थी, वकील, मंत्रालयातला अधिकारी यांचा उल्लेख मात्र कामापुरता आणि नावाशिवाय केला आहे. कोल्ड फ्यूजन, म्हणजे खोलीच्या तापमानाला अणुगर्भांचे एकमेकांत मिसळणे (संलयन), खरे की खोटे, यावर आजवर भरपूर शाई सांडली आहे. इथे पाहायचे आहे ते वेगळेच : एका विद्यापीठाने पेटंट, पैसा आणि प्रसिद्धी या तिन्हींच्या मागे एकाच वेळी धावताना कोणत्या दिवशी काय ठरवले, आणि त्या त्या दिवशी दुसरे काय ठरवता आले असते.

पार्श्वभूमी

१९८० साली अमेरिकेत बे-डोल कायदा झाला. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे पेटंट विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागले. तोपर्यंत बहुतेक विद्यापीठांत पेटंट हा एखाद्या हौशी प्राध्यापकाचा उद्योग असे. आता त्यासाठी स्वतंत्र कार्यालये उघडली, वकील नेमले गेले, आणि 'आपल्याकडे विकण्याजोगे काय आहे' हा प्रश्न प्रशासनाच्या बैठकीत येऊ लागला.

सॉल्ट लेक सिटीतले युटा विद्यापीठ या बाबतीत इतरांच्या पुढे होते. डिसेंबर १९८२मध्ये तिथे एका निवृत्त दंतवैद्याच्या छातीत जार्विक-७ हे कृत्रिम हृदय बसवले गेले. तो रुग्ण ११२ दिवस जगला. ते सगळे दिवस जगभरचे पत्रकार तिथे तळ ठोकून होते, आणि त्यांना रुग्णाच्या तब्येतीची माहिती द्यायला समोर येत ते विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान शाखेचे उपाध्यक्ष डॉ. चेस पीटरसन. हृदय बनवणारी कंपनीही विद्यापीठातल्याच लोकांनी काढलेली होती. पुढच्याच वर्षी पीटरसन विद्यापीठाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कुलगुरू झाले. युटाला कॅमेऱ्यांचे वावडे नव्हते. उलट कॅमेरे आले की नाव होते आणि नाव झाले की पैसा येतो, हा धडा त्यांनी स्वतःच्या अनुभवातून गिरवलेला होता. १९८९मधल्या निर्णयांचे मूळ मला तरी लोभापेक्षा या जुन्या यशात जास्त दिसते.

याच विद्यापीठात स्टॅन्ली पॉन्स हे रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांनी डॉक्टरेट केली होती इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात, जिथे मार्टिन फ्लाइशमन प्राध्यापक होते. फ्लाइशमन म्हणजे विद्युत्-रसायनशास्त्रातले बडे प्रस्थ, रॉयल सोसायटीचे फेलो. दोघांच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती. पॅलॅडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो. मग जड पाण्यात पॅलॅडियमची कांडी बुडवून तिच्यातून विजेचा प्रवाह सोडला, तर त्या पाण्यातले ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचा जड भाऊ, तिच्यात दाटीवाटीने भरेल. इतका, की त्याचे अणुगर्भ एकमेकांत मिसळतील का? सूर्याच्या पोटात जे कोट्यवधी अंश तापमानाला होते, ते काचेच्या नळीत, खोलीच्या तापमानाला?

कल्पना धाडसी होती आणि तिला अनुदान मिळणे अवघड, हे दोघेही जाणून होते. त्यांनी स्वतःच्या खिशातून सुमारे एक लाख डॉलर घातले. १९८४-८५च्या सुमारास एका रात्री पॅलॅडियमचा ठोकळा बसवलेले उपकरण आपोआप जळून गेले, टेबलाचे आणि फरशीचे नुकसान झाले. दोघांच्या लेखी ती भलतीच मोठी खूण होती. पुढे छापलेल्या निबंधातल्या तक्त्यातही त्या प्रयोगापुढे 'सावधान! पेट घेतला?' अशा अर्थाची नोंद आहे, प्रश्नचिन्हासकट. शास्त्रीय निबंधात अशी नोंद विरळाच.

पेच

१९८८मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ऊर्जा मंत्रालयाकडे अनुदानासाठी प्रस्ताव पाठवला. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याने तो परीक्षणासाठी ज्यांच्याकडे धाडला, त्यांपैकी एक होते स्टीव्हन जोन्स. भौतिकशास्त्रज्ञ, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात, म्हणजे सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला सत्तरेक किलोमीटरवर. आणि ते स्वतः जवळपास त्याच प्रश्नावर काम करत होते.

पहिला निर्णयबिंदू इथे आहे, आणि तो युटाच्या हातात नव्हता. विषय इतका चिमुकला की जाणकार परीक्षक तेच, जे स्पर्धकही आहेत. असे आपल्याकडेही नेहमी होते. जोन्स यांच्या वहीत या कामाच्या १९८६च्या नोंदी होत्या, त्यामुळे कल्पना चोरल्याच्या संशयाला आधार नव्हता. पण त्यांनी प्रस्ताव वाचला आणि त्याच सुमारास आपले काम नेटाने पुढे रेटले, एवढे युटातल्या मंडळींना संशय यायला पुरेसे होते. परीक्षकाने पहिल्याच दिवशी 'मीही यावर काम करतो, हे परीक्षण दुसऱ्याला द्या' असे लेखी कळवले असते तर पुढची बरीच कटुता टळली असती.

२३ फेब्रुवारी १९८९ला दोन्ही गट भेटले. पॉन्स आणि फ्लाइशमन यांना आणखी १८ महिने हवे होते. जोन्स मे महिन्यात अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या अधिवेशनात आपले काम मांडणार होते, त्यांना थांबायचे नव्हते. ६ मार्चला दोन्ही विद्यापीठांचे अध्यक्षही बैठकीत बसले. ठरले असे, की २४ मार्चला दोन्ही गटांनी विमानतळावरच्या कुरिअर कार्यालयात एकत्र यायचे आणि दोन्ही निबंध 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाकडे एकाच वेळी रवाना करायचे. दोन विद्यापीठांच्या प्रमुखांना दोन पाकिटांच्या वेळेवरून तह करावा लागतो, यातच परस्परांवरचा विश्वास किती उरला होता ते समजते.

समोर कोणते पर्याय होते

युटाच्या बाजूने पाहिले तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाच-सहा वाटा मोकळ्या होत्या. त्या सगळ्या तेव्हा टेबलावर मांडल्या गेल्या असे दिसत नाही. चर्चा फिरत राहिली ती एकाच भीतीभोवती : जोन्स आधी बोलले तर आपले श्रेय आणि पेटंट दोन्ही हातचे जाईल.

ही भीती कितपत खरी होती? संलयन झाले की न्यूट्रॉन हे सूक्ष्म कण बाहेर पडतात. जोन्स यांचा दावा या न्यूट्रॉनांचा होता, आणि तोही इतक्या थोड्या न्यूट्रॉनांचा की त्यातून उपयोगी ऊर्जा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ते स्वतःच हे उघडपणे सांगत होते. पॉन्स-फ्लाइशमन यांचा दावा उष्णतेचा होता : एक वॅट वीज घाला, चार वॅट उष्णता घ्या. विकण्याजोगी गोष्ट ही दुसरी, आणि ती जोन्स यांच्याकडे नव्हतीच. म्हणजे ज्या प्रतिस्पर्ध्याच्या धास्तीने शर्यत सुरू झाली, तो त्या बाजारात उतरलेलाच नव्हता. हा मुद्दा कोणी शांतपणे कागदावर लिहून अध्यक्षांपुढे ठेवला असता तर १८ महिने नाही, निदान सहा महिने तरी मिळवता आले असते.

दुसरा प्रश्न पेटंटचा. अमेरिकेत त्या काळी ज्याने आधी शोध लावला त्याचा हक्क मानला जाई, आणि जाहीर केल्यानंतरही अर्ज करायला एक वर्षाची मुदत होती. युरोपात मात्र आधी बोललात की हक्क गेला. त्यामुळे आधी अर्ज आणि मग वाच्यता, हा वकिलांचा सल्ला रास्तच होता. विद्यापीठाने पहिला अर्ज १३ मार्चला दाखलही केला. आता खरे तर मोकळेपणाने बोलायला हरकत नव्हती. किंवा गप्प बसायलाही हरकत नव्हती. निबंध पाठवायचा, परीक्षकांचे प्रश्न सोसायचे, एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडून गुप्ततेच्या करारावर मोजमापे तपासून घ्यायची. न्यूट्रॉन मोजणे हे रसायनशास्त्रज्ञांचे रोजचे काम नव्हे, त्यात हात बसलेली माणसे वेगळी असतात. अशांकडून आधी तपासणी करून घेणे ही सर्वांत स्वस्त वाट होती.

काय केले गेले

६ मार्चचा तह झाल्यावर पाचच दिवसांनी पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी आपला निबंध विद्युत्-रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकाकडे पाठवून दिला. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला त्याचा पत्ता नव्हता. मग कुणकुण लागलेल्या पत्रकारांचे फोन येऊ लागले. बातमी फुटायच्या बेतात आहे, तेव्हा आपणच सांगू, असा विचार पुढे आला. विद्यापीठाने पत्रकार परिषद बोलावली : गुरुवार, २३ मार्च १९८९, दुपारी एक वाजता. ठरलेल्या कुरिअर भेटीच्या बरोबर एक दिवस आधी. लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ने तर त्याच सकाळी बातमी छापली. जोन्स यांनी तह मोडला असे समजून आपला निबंध एकट्यानेच पाठवून दिला.

परिषदेत सांगितले गेले ते असे : संलयनाची अभिक्रिया घडवून ती टिकवून दाखवली आहे, तीही साध्या उपकरणाने, आणि तिचे इंधन समुद्राच्या पाण्यात अमाप आहे. दुसऱ्याच दिवशी पहाटे अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले. समुद्रात पसरलेले काळे तेल आणि काचेच्या नळीतली स्वच्छ ऊर्जा या दोन बातम्या एकाच आठवड्यात आल्या. असा योग कोणत्याही जाहिरात कंपनीला जुळवता आला नसता.

सांगितले गेले नाही ते असे : कांडीची जाडी किती, प्रवाह किती वेळ सोडला, उष्णता कशी मोजली, साध्या पाण्यात तोच प्रयोग केला तर काय होते. निबंध छापून यायला एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडणार होता. तोवर त्याच्या प्रती फॅक्सवरून या विद्यापीठातून त्या विद्यापीठात फिरत होत्या. दर प्रतीबरोबर अक्षरे अधिक पुसट होत होती.

इथे जरा थांबतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या एका गटाला पॉन्स-फ्लाइशमन यांचा गॅमा किरणांचा आलेख तपासायचा होता. न्यूट्रॉन पाण्यात शोषले जातात तेव्हा ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण बाहेर पडतात, आणि तसा उंचवटा दिसला हा युटाचा महत्त्वाचा पुरावा होता. पण निबंधात आलेखाचा फक्त तो उंचवट्याचा तुकडा. पूर्ण आलेख कुठे मिळणार? या लोकांनी टीव्हीवरच्या बातम्यांचे चित्रण मिळवले. त्यात प्रयोगशाळेतल्या संगणकाच्या पडद्यावर आलेख दिसत होता, तो थांबवून थांबवून मोजला. निष्कर्ष निघाला की हा उंचवटा न्यूट्रॉनांचा असूच शकत नाही. तसा असता तर त्याच्या शेजारी आणखी एक ठरलेली खूण दिसायला हवी होती, ती नव्हती. ही चिकित्सा १८ मेच्या 'नेचर'मध्ये छापून आली. शास्त्रज्ञांना दुसऱ्या शास्त्रज्ञाची आकडेवारी बातम्यांच्या चित्रफितीतून उचलावी लागली! युटाने निष्कर्ष साऱ्या जगाला दिला आणि पद्धत स्वतःकडे ठेवली, याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

माझ्या मते या प्रकरणाची खरी गाठ इथेच आहे. पेटंटला गुप्तता लागते, प्रसिद्धीला गाजावाजा लागतो. यांतली कोणतीही एक गोष्ट विद्यापीठाला निभावून नेता आली असती. दोन्ही एकदम धरल्या की दावा चव्हाट्यावर येतो आणि तो तपासण्याचे साधन मात्र वकिलाच्या कपाटात राहते. विज्ञानात नेमके उलटे चालते : पद्धत उघडी, दावा बेताचा. पंगतीची आमंत्रणे गावभर गेली होती, आणि चूल पेटते की नाही हे पाहायला स्वयंपाकघरात कोणाला सोडत नव्हते.

आणखी एक बारीकशी बाब. प्रयोगशाळेत दिवसरात्र राबलेल्या विद्यार्थ्याचे नाव निबंधावर नव्हते. ते पुढे शुद्धिपत्रात आले. घाईत काय काय सुटते, त्याचा हा नमुना.

एप्रिल महिना

पैशाची चक्रे विलक्षण वेगाने फिरली. ७ एप्रिलला युटा राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशनात कोल्ड फ्यूजनसाठी ५० लाख डॉलर मंजूर केले. निबंध अजून छापून आलेला नव्हता. मात्र रक्कम खर्चण्याआधी एका मंडळाने दाव्याची खातरजमा करावी अशी अट होती. ही अट घालणाऱ्या आमदारांना या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणे म्हणावे लागेल, जरी पुढे ती खातरजमा सैलपणेच झाली.

१० एप्रिलला टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जादा उष्णता मिळाल्याचे आणि जॉर्जिया टेकने न्यूट्रॉन सापडल्याचे सांगितले. काही दिवसांतच जॉर्जिया टेकने विधान मागे घेतले. त्यांचा न्यूट्रॉनमापक उष्णतेने फसत होता. टेक्सासच्या उष्णतेतही पुढे तापमापकाच्या जोडणीतला दोष निघाला. प्रसिद्धीची लागण अशी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेली. होकार देणारे लगेच पत्रकारांसमोर आले. नकार मिळालेले मात्र आपलेच काही चुकले असेल म्हणून पुन्हा मोजत बसले.

१२ एप्रिलला डॅलसमध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात सुमारे सात हजार रसायनशास्त्रज्ञांनी पॉन्स यांचे स्वागत टाळ्यांच्या कडकडाटात केले. तिथे प्रिन्स्टनच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने सरळ प्रश्न विचारला : हाच प्रयोग साध्या पाण्यात करून पाहिला का? साध्या पाण्यात ड्युटेरियम जवळपास नसतेच. उष्णता संलयनातून येत असेल तर ती तिथे दिसता कामा नये. आपल्याकडे शाळकरी मुलालाही नियंत्रित प्रयोग शिकवतात, तोच हा. पॉन्स यांच्या उत्तराचा आशय असा होता, की साधे पाणी ही तुलनेसाठी चांगली बाजू असेलच असे नाही. सभागृहातल्या अनेकांच्या मनात पाल चुकचुकली ती त्या क्षणी.

त्याच महिन्यात 'नेचर'च्या परीक्षकांनी पॉन्स-फ्लाइशमन यांच्या निबंधावर प्रश्न पाठवले. उत्तरे द्यायला सवड नाही असे सांगून दोघांनी निबंध मागे घेतला. सवड कुठे गेली होती? २६ एप्रिलला ते विद्यापीठाच्या अध्यक्षांबरोबर अमेरिकी काँग्रेसच्या विज्ञान समितीपुढे बसले होते. मागणी अडीच कोटी डॉलरची होती. बरोबर आणलेल्या व्यवसाय सल्लागाराने इशारा दिला, की आपण वेळ दवडला तर जपान बाजी मारेल. लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेबरोबर एकत्र प्रयोग करण्याची बोलणी चालू होती, ती हक्कांच्या कलमांवर अडून राहिली आणि शेवटी बारगळली. मला विचाराल तर महिन्याभरातली सर्वांत महाग चूक हीच. पॉन्स यांच्या उपकरणाशेजारी लॉस अलामॉसचा न्यूट्रॉनमापक उभा राहिला असता तर मेच्या आत उत्तर मिळाले असते.

कारण उत्तर तसे अवघड नव्हते. नेहमीच्या संलयनातून एक वॅट उष्णता निघत असेल तर दर सेकंदाला साधारण एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत, आणि शेजारी उभा असलेला माणूस त्या माऱ्यातून वाचायला नको. युटाने सांगितलेले न्यूट्रॉन त्याच्या कोट्यवधी पटींनी कमी होते. प्रयोग करणारा विद्यार्थी ठणठणीत आहे, हाच फ्यूजन नसल्याचा पुरावा, असा काळा विनोद तेव्हा भौतिकशास्त्रज्ञांत फिरत होता.

१ मेला बाल्टिमोरमध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या अधिवेशनात कॅलटेकच्या गटाने आपली मोजमापे मांडली : जादा उष्णता नाही, न्यूट्रॉन नाहीत, आणि द्रव नीट ढवळला नाही तर एका जागी तापमान जास्त दिसते. त्यांनी उपकरणाची रचनाही बव्हंशी छायाचित्रे आणि टीव्हीवरचे चित्रण पाहून ताडली होती. प्रमुख वक्त्यांना मत विचारले तेव्हा नऊपैकी आठ जणांनी प्रकरण संपल्याचे सांगितले.

त्याच महिन्यांत तुर्भ्यात

या कथेला मुंबईचा एक फाटा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांनी एप्रिलपासूनच अनेक गटांना कामाला लावले. जड पाणी, न्यूट्रॉनमापक आणि ते हाताळणारी माणसे केंद्रात आधीपासूनच होती, युटात नेमकी त्यांचीच वानवा होती. गटांनी न्यूट्रॉन आणि ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार, संलयनाची आणखी एक खूण) सापडल्याचे नोंदवले आणि एप्रिल ते सप्टेंबरपर्यंतचे काम डिसेंबर १९८९मध्ये एका जाड अहवालात एकत्र छापले : उपकरणे, मोजणी, आलेख, सगळे. ते निष्कर्ष जगात सर्वमान्य झाले नाहीत आणि पुढे केंद्रातले हे कामही ओसरले. तरीही चूक शोधू पाहणाऱ्याला टीव्हीची चित्रफीत थांबवत बसावे लागले नाही. पेटंटचा आणि अनुदान खेचण्याचा दबाव मानेवर नसल्याचा हा फायदा. मोठ्या सरकारी संस्थेचे तोटे वेगळे असतात, तो विषय आज नको.

पुढे काय झाले

ऊर्जा मंत्रालयाच्या समितीने नोव्हेंबर १९८९मध्ये अहवाल दिला : खात्री पटण्याजोगा पुरावा नाही, खास निधी किंवा केंद्रे नकोत, नेहमीच्या वाटेने आलेल्या चांगल्या प्रस्तावांना माफक पैसे द्यायला हरकत नाही. दरम्यान ऑगस्टमध्येच युटात राज्याच्या पैशावर राष्ट्रीय कोल्ड फ्यूजन संस्था उघडली होती.

आता लोक धड माघारही घेईनात. विद्यापीठातल्याच एका भौतिकशास्त्रज्ञाने पॉन्स यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांच्याच उपकरणांशेजारी काही आठवडे मापक लावून ठेवले. संलयनाची एकही खूण मिळाली नाही, आणि तसे त्याने मार्च १९९०च्या 'नेचर'मध्ये लिहिले. त्यावर पॉन्स यांच्या वकिलाचे पत्र आले : निबंध मागे घ्या, नाहीतर दावा ठोकू. या वकिलाच्या शुल्कातला काही भाग विद्यापीठानेच भरला होता, हे बाहेर आल्यावर अध्यापक खवळले. मग आणखी एक गोष्ट उघड झाली. संस्थेला एका अनाम दात्याकडून ५ लाख डॉलर मिळाल्याचे सांगण्यात आले होते, तो दाता म्हणजे विद्यापीठाचाच संशोधन निधी निघाला. बाहेरच्या जगाचा विश्वास आहे असे दाखवण्यासाठी घरातलाच पैसा फिरवला गेला होता. जून १९९०मध्ये पीटरसन यांनी निवृत्ती जाहीर केली.

त्या शरद ऋतूत पॉन्स यांनी सॉल्ट लेक सिटी सोडली. पुढे दोघेही फ्रान्सच्या दक्षिणेला टोयोटाशी संबंधित जपानी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत काम करू लागले. तीही १९९८मध्ये बंद झाली. युटातली संस्था ३० जून १९९१ला बंद पडली. ज्या पेटंटपायी सारा खटाटोप झाला, ते अमेरिकी कार्यालयाने मूळ दाव्यावर दिलेच नाही, आणि काही वर्षांनी विद्यापीठाने नाद सोडला.

२०१९मध्ये गूगलच्या पैशावर झालेल्या फेरतपासणीचे निष्कर्ष 'नेचर'मध्ये आले. कोल्ड फ्यूजनचा पुरावा नाही. त्या गटाने काही वर्षे गाजावाजा न करता काम केले आणि नकार असूनही तो छापला.

वेगळे काय करता आले असते

बोलायची घाई ही एकच चूक मानली तर प्रकरण फार सोपे होऊन जाते. २३ मार्चला परिषद घ्यावीच लागली असे धरून चालू, कारण बातमी फुटत होती हे खरे. मग त्याच दुपारी निबंधाच्या छापील प्रती पत्रकारांना आणि मागेल त्या शास्त्रज्ञाला देता आल्या असत्या. अर्ज दहा दिवसांपूर्वीच दाखल झाला होता. 'आम्हाला न समजणारी उष्णता दिसते आहे, तुम्हीही पाहा' एवढे सांगून 'संलयन' हे नाव मागे ठेवता आले असते. तसे झाले असते तर पॉन्स आणि फ्लाइशमन आज उष्णता मोजताना चुकलेले दोन चांगले रसायनशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेले असते. फ्लाइशमन यांनी नंतर पत्रकार परिषदेबद्दल नाराजी बोलून दाखवली. ती मला खरी वाटते, पण मंचावर ते हसतमुखाने बसले होते हेही विसरता येत नाही.

विद्यापीठाच्या रचनेत एक पोकळी होती. पेटंट कार्यालय, प्रसिद्धी विभाग आणि अध्यक्ष या तिघांचेही हित 'हो' म्हणण्यात होते. 'थांबा' म्हणणे हे ज्याचे काम आहे असे कोणीच त्या टेबलावर नव्हते. अशा माणसाला फार अधिकारही लागत नाहीत. साध्या पाण्याचा प्रयोग झाला का, दुसऱ्या कोणी मोजले का, एवढे दोन प्रश्न विचारून उत्तरे लेखी घेणे पुरेसे असते.

आपल्याकडे एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीच्या गुणांकनात पेटंट मोजली जातात, त्यामुळे कुलसचिवांच्या कार्यालयातून विभागांना 'यंदा किती अर्ज?' अशी विचारणा होते. भारतीय कायद्यात अपुरा, म्हणजे तात्पुरता अर्ज करून संपूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला काही अटींवर बारा महिन्यांची सवलत आहे, पत्रकार परिषदेला ती नाही. तेव्हा अर्ज आधी करावा हे बरोबरच. पण तात्पुरता अर्ज दाखल झाल्यावर जे वर्ष हाती येते, ते बातमी देण्यासाठी वापरायचे की शेजारच्या विभागातल्या माणसाला बोलावून त्याच्यासमोर प्रयोग पुन्हा करण्यासाठी, हे विभागप्रमुखाने अर्जावर सही करतानाच तारखांसकट लिहून ठेवावे. युटात ते वर्ष दहा दिवसांत संपले.